मतपेटी इकडे, निर्णय तिकडे : मुंबईच्या नगरकारभाराची दीडशे वर्षे

#थ्रेड

१/
महापालिकेच्या प्रत्येक निवडणुकीनंतर एक ठरलेले वाक्य ऐकू येते : मुंबईकराला आपल्या शहराचे काही पडलेले नाही. मतदानाची टक्केवारी दाखवली जाते, रहिवाशाच्या उदासीनतेवर दोन शब्द सुनावले जातात आणि लोकसहभागाचा विषय पुढील पाच वर्षांसाठी गुंडाळला जातो. हा आरोप इतिहासापुढे टिकत नाही. मुंबईचा रहिवासी १८७१ पासून कारभारात वाटा मागत आला आहे. वाटा त्याच्या हाती आला की त्यातील ऐवज मात्र दुसऱ्या घरी हलवला गेला आहे.

२/
प्रारंभ १८६५ पासून करावा लागतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले होते आणि मुंबईत पैशाचा महापूर आला होता. युद्ध संपताच तो ओसरला आणि अनेक पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षी नगरकारभाराचा नवा कायदा अमलात आला. सरकारने नेमलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’ हे नगरसंस्थेचे सभासद झाले. कार्यकारी सत्ता मात्र एकट्या म्युनिसिपल कमिशनरकडे गेली. पहिला कमिशनर होता आर्थर क्रॉफर्ड.

३/
क्रॉफर्ड कर्तबगार होता, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता आले नाही. त्याने रस्ते रुंद केले, सफाईची घडी बसवली, भव्य मंडई उभारली. त्या मंडईला आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे, तरी जुन्या मुंबईकराच्या तोंडी क्रॉफर्ड मार्केटच आहे. पण या झपाट्यात खर्चाला विचारणारा कोणी उरला नाही. मंदीने पोळलेल्या शहरावर करांचा बोजा वाढला आणि नगरसंस्थेची तिजोरी रिकामी झाली.

४/
१८७१ मध्ये करदाते उठले. सभा भरल्या, अर्ज गेले, वृत्तपत्रांतून वाद झडले. नौरोजी फर्दुनजी हे या चळवळीतील एक अग्रणी. ‘लोकांचे कैवारी’ अशी त्यांची ख्याती होती. मागणी सरळ होती : पैसा आमचा, तर खर्च करणारा हातही आम्ही निवडलेला असावा. कमिशनरची एकहाती सत्ता काढावी आणि ती प्रतिनिधींच्या मंडळाकडे द्यावी.

५/
याच वादात सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर उभा राहिला : फिरोजशहा मेहता. त्यांचे म्हणणे लोकांना रुचले नाही. सभासद लोकांनी निवडावेत, पण अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी आणि त्याची नेमणूक सरकारने करावी, असे त्यांनी मांडले. मंडळे काम करत नाहीत, मंडळांत जबाबदारी विरघळते, हा त्यांचा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. परंतु त्या दिवशी त्यांनी जी वाट सुचवली, तीवरूनच मुंबई आजही चालते आहे, आणि तिची किंमत कोणी नीट मोजलेली नाही.

६/
१८७२ चा कायदा जवळपास त्याच वळणाचा निघाला. एकूण ६४ सभासद. त्यांपैकी १६ सरकारनियुक्त, १६ जस्टिसांनी निवडलेले आणि ३२ करदात्यांनी निवडलेले. करदाता कोण? तर वर्षाला किमान ५० रुपये नगरपालिकेचा कर भरणारा. त्या वर्षीच्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली होती. गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, चाळीतला भाडेकरू, झाडूवाला हे सारे त्या बत्तीस जागांच्या बाहेर राहिले. ‘नागरिक’ या शब्दाचा मुंबईतील पहिला कायदेशीर अर्थ ‘घरमालक’ असा झाला. तो अर्थ अजून पुरता पुसलेला नाही. त्याकडे पुढे यायचेच आहे.

७/
१८८८ चा कायदा मेहतांच्या प्रभावाखाली घडला. सभासद ७२ झाले, मंडळाचे अधिकार वाढले. हाच कायदा असंख्य दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो. कार्यकारी अधिकार राज्य सरकारने धाडलेल्या आयुक्ताचे. मुंबईचा महापौर आणि लंडनचा वा न्यूयॉर्कचा महापौर यांची तुलना करणारे लेख वारंवार येतात. त्या तुलनेचे उत्तर १८७१ च्या त्या वादात आहे.

८/
निवडलेला सभासद कशासाठी हवा, याचे उत्तर १८९६ ने दिले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात तापाने माणसे पटापट मरू लागली. त्या वस्तीत वैद्यकी करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे आणि महापालिकेचे सभासद. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले. सरकारी यंत्रणा तो शब्द उच्चारायलाही बिचकत होती. व्यापार थांबेल, बंदराला विटाळ लागेल, ही धास्ती होती. मांडवीतील खाटांशेजारी बसणारा माणूस सभागृहातही बसत होता, म्हणून ते सत्य लवकर बाहेर आले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा आहे. तेथून रोज हजारो माणसे जातात.

९/
आणि प्लेगचे उत्तर म्हणून सरकारने काय केले? महापालिकेच्या हाती बळ दिले नाही. १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाची स्वतंत्र संस्था काढली. तिच्यावर महापालिकेने निवडलेले प्रतिनिधी अल्पमतात होते. बाकीच्या जागांवर सरकारचे नियुक्त आणि हुद्द्याने येणारे लोक, शिवाय बंदर, व्यापारी मंडळी व गिरणीमालक यांची माणसे बसली. दाट वस्त्या पाडणे, रस्ते काढणे, नवी उपनगरे आखणे हे सगळे तिच्याकडे. मतदाराने निवडलेल्या सभेचा पैसा आणि जमीन यांत वाटा, निर्णयात मात्र एक कोपरा.

१०/
येथे ट्रस्टची बाजूही ऐकली पाहिजे. महापालिकेत घरमालकांचे वजन होते आणि आपल्याच चाळींना हवा-उजेडाचे नियम लावायला ते राजी नव्हते. हे खरेच आहे. दादर-माटुंग्याची आखणी ट्रस्टनेच केली, आणि ती आजही शहरातील चांगल्या वस्त्यांत गणली जाते. परंतु घरमालकांच्या सभेवरचा उतारा मताधिकार वाढवणे हा होता. भाडेकरूला मत देणे हा होता. निवडला गेला तो उलट उपाय. परिणाम ठरलेला : ट्रस्टने जितकी घरे पाडली, तितक्यांना निवारा दिला नाही. नागपाडा, सँडहर्स्ट रोडच्या परिसरातून उठलेली गरीब माणसे शेजारच्या, आधीच खचाखच भरलेल्या चाळींत शिरली. प्लेगच्या नावाने गर्दी पांगवायची होती, ती सरकवली गेली.

११/
पुढचा काळ मात्र वेगळा, आणि तो मुद्दाम सांगायला हवा. १९२२ मध्ये महिना १० रुपये भाडे भरणाऱ्यालाही मत मिळाले. १९३३ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. १९४७ मध्ये वीज आणि वाहतूक महापालिकेने ताब्यात घेतली; तीच आजची बेस्ट. १९४८ ची निवडणूक प्रौढ मताधिकारावर झाली. या सव्वीस वर्षांत मतदार वाढत गेला आणि त्याने निवडलेल्या सभेचे अधिकारही वाढत गेले. शहर बुडाले नाही. ‘अधिकार दिले तर कारभार कोलमडेल’ म्हणणाऱ्यांनी हा काळ एकदा वाचावा.

१२/
मग काटा पुन्हा फिरला. १९७० मध्ये सिडको, १९७५ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, १९७७ मध्ये म्हाडा, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. प्रत्येकाच्या स्थापनेमागे एखादे सबळ कारण होते : महानगर पालिकेच्या हद्दीपलीकडे गेले आहे, घरबांधणीला तज्ज्ञ लागतात, झोपडपट्टीचे काम वेगळे आहे. कारणे खरी, पण सर्वांची दिशा एकच. वांद्रे-कुर्ला संकुलात कोणत्या भूखंडावर काय उभे राहावे, हे ठरवताना कुर्ल्याचा मतदार कोणाला जाब विचारणार? त्याचा नगरसेवक सांगतो, ती हद्द प्राधिकरणाची. आणि नगरसेवक खोटे बोलत नसतो.

१३/
१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ही दिशा बदलायची होती. ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांची यादी आहे. तिच्यातला पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजन. महानगर नियोजन समिती असावी, तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य निवडून आलेले असावेत, असेही घटना सांगते. एमएमआरडीएचे नाव प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे. या समितीचे नाव किती जणांनी ऐकले आहे?

१४/
त्याच दुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. समितीची रचना राज्यांवर सोपवली. महाराष्ट्राने अनेक प्रभागांची मिळून एक समिती केली. तिच्यात त्या भागातले नगरसेवक, विभागाचा अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी. ते तिघेही नगरसेवकांनीच नेमायचे. रहिवाशाला त्या खोलीत बसायला खुर्ची नाही. संस्थांच्या त्या जागाही कित्येकदा रिकाम्या राहिल्या, वा भरल्या तेव्हा पक्षाच्या माणसांनी भरल्या.

१५/
आता गावाकडे पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा आहे, ७३ व्या दुरुस्तीने तिला घटनेत स्थान मिळाले. गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. त्यासाठी कोणी नेमावे लागत नाही, कोणी बोलावून घ्यावे लागत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या छोट्या गावाने ग्रामसभेच्या बळावर २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. मुंबईत २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी २४ लाखांहून अधिक माणसे आणि नगरसेवक २२७. म्हणजे सरासरी ५४ हजारांहून अधिक माणसांमागे एक. मेंढ्याच्या गावकऱ्याला जो हक्क आहे, तो परळच्या रहिवाशाला नाही. शहरात शिक्षण अधिक, वर्तमानपत्रे अधिक, वकील अधिक. हक्क तेवढा कमी.

१६/
ही उणीव कायद्याच्या कर्त्यांनाही दिसली होती. २००५ च्या अखेरीस केंद्राने शहरांसाठी जवाहरलाल नेहरूंच्या नावाने नागरी पुनर्निर्माण योजना आणली आणि तिच्या निधीला एक अट जोडली : लोकसहभागाचा कायदा करा. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांचे मिळून एक क्षेत्र, तेथील सर्व मतदार सभासद, नगरसेवक अध्यक्ष. शहरातली ग्रामसभाच ती. केंद्राचा निधी आला, खर्च झाला, योजनाही संपली. क्षेत्रसभा बहुतेक ठिकाणी भरल्याच नाहीत.

१७/
रहिवाशाला हात न लावू देता घेतलेल्या निर्णयाचा परिणाम पाहायचा तर गिरणगावात जावे. १९८२ च्या संपानंतर मध्य मुंबईतील सुमारे ६०० एकर गिरणीजमीन हळूहळू मोकळी होणार हे स्पष्ट झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिची वाटणी ठरवली : ढोबळमानाने तिसरा हिस्सा उद्याने-मैदानांसाठी महापालिकेला, तिसरा सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांचा एकत्र आराखडा करावा असे सुचवले. एकत्र आराखडा कधीच झाला नाही.

१८/
२००१ मध्ये राज्य सरकारने हा नियम बदलला. बदल दिसायला किरकोळ होता. वाटणी आता संपूर्ण जमिनीची नव्हे, तर आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. गिरणीची इमारत पाडून जी जमीन सुटेल, ती वाटणीबाहेर. गिरणी म्हणजे मुळात इमारतीच. मोकळी जागा त्यात असणार किती? एका विशेषणाच्या अर्थात शहराची मैदाने आणि कामगारांची घरे वाहून गेली. पर्यावरणवादी संघटना न्यायालयात गेल्या. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

१९/
या संपूर्ण प्रवासात लालबाग, परळ, वरळी, भायखळा येथील रहिवाशांना सभेत बसवून कोणी विचारले का? अधिसूचना निघाली, हरकतींची मुदत राजपत्रात छापली गेली, संपली. राजपत्र विकत घेऊन वाचणारा गिरणी कामगार कोणी पाहिला असेल तर सांगावे.

२०/
मग गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, आणि त्यांत काम करणारी लाखो माणसे जुन्याच स्थानकांवर उतरू लागली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर पावसाच्या सरीत चेंगराचेंगरी झाली. २३ माणसे मेली. पूल रेल्वेचा होता, जमीन मालकांची होती, नियम राज्याचा होता, रस्ता महापालिकेचा होता. चौकशीत प्रत्येकाची हद्द स्वच्छ निघाली. त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांना तो अपुरा आहे हे ठाऊक होते, आणि ते जेथे सांगता येईल अशी कायदेशीर सभाच नव्हती.

२१/
‘मुंबईकर उदासीन’ म्हणणाऱ्यांनी २०१५ आठवावे. फेब्रुवारीत महापालिकेने २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध केले. माणसे नकाशे घेऊन बसली. वारसावास्तू, देवळे, चर्च चुकीच्या रंगात आढळली. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले दिसले. हजारो हरकती दाखल झाल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो आराखडा बाजूला सारून दुरुस्त करण्याचा आदेश द्यावा लागला. नवे प्रारूप २०१६ मध्ये आले, मंजुरी २०१८ मध्ये. तज्ज्ञांच्या कागदातील चुका गल्लीतल्या माणसाने पकडल्या. ज्याला आपल्या वाडीतली विहीर माहीत आहे, तो अडाणी नसतो.

२२/
आता सहाव्या पोस्टमधल्या ५० रुपयांकडे. १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांच्या उपक्रमातून एएलएम, म्हणजे गल्लीपातळीवरची व्यवस्थापन समिती, ही कल्पना शहरभर पसरली. कचऱ्याचे वर्गीकरण झाले, खड्डे बुजले, विभाग कार्यालयाशी थेट बोलणे सुरू झाले. काम मोलाचे. परंतु हा सहभाग बहुतांशी नोंदणीकृत सोसायट्यांचा राहिला, आणि अनेक ठिकाणी त्याचे पहिले पत्र फेरीवाल्यांविरुद्ध निघाले. झोपडपट्टीसाठी वेगळी योजना : दत्तक वस्ती. गृहनिर्माण सोसायटीतला माणूस भागीदार आणि झोपडीतला माणूस दत्तक! शब्दच बोलके आहेत. पुण्यात २००६ पासून चालणाऱ्या नागरिकांच्या अंदाजपत्रकातही सूचना बाकडी-पदपथांभोवती फिरतात, कारण हाती दिलेली रक्कम तेवढीच असते. सभेत सर्व मतदार हवेत, हा क्षेत्रसभेचा गाभा नेमका येथेच कामी येतो. पावती दाखवून आत येण्याची गरज नाही.

२३/
सर्वांत ताजे उदाहरण तर कालचेच आहे. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवशी आयुक्तच प्रशासक झाले. १९८४-८५ नंतर प्रथमच शहरावर प्रशासक आला. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागसंख्या २२७ की २३६ याचा घोळ, न्यायालयीन तारखा. स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, प्रभाग समित्या नाहीत. २०२३-२४ चा अर्थसंकल्प ५२,६१९ कोटींचा, २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा. मांडणारे अधिकारी, स्वीकारणारे अधिकारी. देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचा पैसा, आणि त्यावर एकही निवडलेला माणूस नाही. १८६५ मध्ये निदान नेमलेले जस्टिस तरी प्रश्न विचारायला होते.

२४/
‘पण प्रशासकाच्या काळात कामे भराभर झाली, नगरसेवक टक्केवारी खातात’, हा युक्तिवाद आजकाल सुशिक्षित घरांत प्रतिष्ठित झाला आहे. नगरसेवकांच्या भ्रष्टाचाराचा बचाव कोणी करू नये. परंतु क्रॉफर्डच्या काळातही कामे भराभरच झाली होती. त्या वेगाचे बिल कोणी भरावे, एवढाच करदात्यांचा प्रश्न होता. शिवाय नगरसेवक चोर असेल तर त्याला पाच वर्षांनी पाडता येते आणि क्षेत्रसभेत दरम्यान उभे करता येते. प्राधिकरणाच्या सभासदाला पाडण्यासाठी मतपत्रिकेत चौकटच नाही.

२५/
मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. म्हणजे जवळपास चार वर्षांचा खंड पडला. या निवडणुकीत भाषेवर, अस्मितेवर, युती-आघाड्यांवर भरपूर बोलले गेले. क्षेत्रसभेबद्दल किती सभांत शब्द निघाला?

२६/
२२७ नवे नगरसेवक आता सभागृहात आहेत. प्रत्येकाचे संपर्क कार्यालय आहे, तेथे संध्याकाळी लोक नळाच्या, गटाराच्या, दाखल्याच्या कामासाठी रांग लावतात. त्या रांगेतल्या माणसाने यंदा अर्जासोबत आणखी एक कागद द्यावा : आपल्या प्रभागातील क्षेत्रे कोणती, प्रत्येक क्षेत्राची सभा कोणत्या तारखेला, कोणत्या जागी भरणार, आणि प्राधिकरणांची जी कामे आपल्या हद्दीत चालू आहेत त्यांची माहिती त्या सभेपुढे कोण ठेवणार. उत्तर लेखी मागावे, पोच घ्यावी.